अर्ध्या सेकंदाचा उशीर

नाना बागुलांविषयी लिहायचा हक्क खरं तर माझा नाही. ज्यांनी त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं गुडघे सोलून घेतले, त्यांनी लिहायला हवं. मी त्यांच्यासोबत एकदाही मैदानात उतरलो नाही. मी बाहेर बसून तक्ते भरणारा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेचे पेपर सोडले तर एवढं लांब काही आजवर लिहिलेलं नाही. कुठे चुकलो, कुठे नको ते बोललो, तर नानांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण नानांना कोणता करार द्यायचा हे ठरत होतं तेव्हा त्यात माझा हात होता. त्या हातानं काय केलं ते मला यंदाच्या दसऱ्याला कळलं. तेव्हापासून अभ्यासाचं पुस्तक उघडलं तरी नानाच दिसतात. म्हणून हे धाडस.

आमच्या शहराच्या कारखान्यांच्या भागात, अंबडला, यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिचा कबड्डीचा संघ आहे. खेळाडू सकाळी कारखान्यात काम करतात, दुपारनंतर सराव करतात, आणि कंपनी त्यांना करारावर ठेवते. मी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो. संघाचे प्रशिक्षक सोनवणे सर यांना सामन्यांचे व्हिडिओ बघून तक्ते भरणारं कुणीतरी हवं होतं, आणि आमच्या कॉलेजातल्या सरांनी माझं नाव सुचवलं. चढाई कुणी केली, पकड कुणी केली, कितव्या सेकंदाला केली, हे लिहायचं. मला वाटलं, सोपं आहे. मोजता तर येतं आपल्याला.

नाना डावा कोपरा खेळायचे. बचावाला सात जण उभे राहतात, त्यांतले टोकाचे दोघे म्हणजे कोपरे. समोरचा चढाईला आला की त्याचा घोटा धरून त्याला जागच्या जागी खिळवायचं, हे कोपऱ्याचं काम. वय वाढलं की आधी कोपरे जातात, असं सोनवणे सर म्हणत. नाना कागदावर अडतीस वर्षांचे होते. कागदावर म्हणतो, कारण त्यांची जन्मतारीख एक जून. आमच्या संघातल्या बारांपैकी सात जणांची जन्मतारीख एक जूनच होती. शाळेत घालताना गुरुजींनी ज्याची त्याची सोय बघून लिहून टाकलेली. नाना म्हणायचे, "त्या दिवशी आमच्या तालुक्यात सुईणींना लय पळापळ झाली असंल."

तालुका कळवण. बुटका, रुंद माणूस. डाव्या हाताची करंगळी कायमची बाहेरच्या बाजूला वळलेली. गुडघ्याला विकतची पट्टी कधी बांधली नाही, सायकलची जुनी ट्यूब कापून चढवायचे. आणि त्यांच्या अंगाला सदा लसणाचा वास. पोरं चिडवायची, "नाना, ठेचा खाता का अंगाला लावता?" नाना हसून म्हणायचे, "बरं शे."

'बरं शे' हे त्यांचं सगळ्याला उत्तर होतं. त्यांच्या बाजूला 'आहे'ला 'शे' म्हणतात. जेवलात का, बरं शे. उद्या सराव लवकर आहे, बरं शे. एकदा कुणीतरी घाबराघुबरा होऊन सांगितलं की संघाची गाडी पंक्चर झाली, तरी नाना मान हलवून म्हणाले, "बरं शे," आणि सगळे खो खो हसले. नाना मुरलेले विनोदी आहेत असं सगळ्यांचं मत होतं. माझंही.

पहिल्या दिवशी मी वही घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. नाना सरळ माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत म्हणाले, "कुणाचा तू?"

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आमची शहराला लागून थोडी फुलशेती आहे म्हणालो, आई बाजारात विकते म्हणालो. माझ्याकडे इतकं लक्ष देऊन ऐकणारं मोठं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. आमच्या कॉलेजात सर लोक बोलताना मोबाईलमध्ये बघतात. नाना माझ्या ओठांवरून नजर काढत नव्हते. मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

"आणि शिकतो काय?"

"संख्याशास्त्र."

"मंग तुझं नाव कॉलेज," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी कॉलेज.

मी विचारलं, "नाना, तुम्ही पकडीचा क्षण कसा ओळखता?" तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. ते म्हणाले, "लोक चढाईवाल्याच्या पायाकडं बघत्यात. पाय फसवतो. त्याचा दम ऐकायचा. कबड्डी कबड्डी म्हणत येतो ना तो? लाथ मारायच्या आधी, नायतर परत फिरायच्या आधी माणूस एक अक्षर खातो. कबड्डीचं कड्डी होतं. दुसऱ्या कुणाला कळत नाय. अक्षर खाल्लं की धर."

अक्षर खाल्लं की धर. हे वाक्य संघातल्या प्रत्येक पोराला पाठ होतं. स्वप्नीलला तर जास्तच. स्वप्नील म्हणजे नांदगावचा, नानांच्या शेजारी उभा राहणारा. बचावात शेजारचे दोघे हातात हात धरून साखळी करतात. नानांचा उजवा हात स्वप्नीलच्या डाव्या हातात असायचा. नाना त्याला बसमध्येही शेजारीच बसवायचे, जेवायलाही शेजारीच. पोरं म्हणायची, "हे नवराबायको परत निघाले." स्वप्नील लाजायचा. नाना म्हणायचे, "बरं शे."

एकदा आईनं माझ्याबरोबर शेवंतीची टोपली पाठवली. कार्यालयात पूजा होती. मी मागून त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणालो, "नाना, आईनं शेवंती पाठवलीय."

नाना वळले आणि म्हणाले, "शेवभाजी? मला चालते. पण तिखट पायजे, फिक्की नको."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घरी सांगितलं तर आईही हसली, पण तिनं ते मनावर घेतलं. दुसऱ्या आठवड्यात डबाभर शेवभाजी करून दिली, डोळ्यांतून पाणी काढील अशी. नानांनी डबा उघडला, माझ्याकडे बघितलं, आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला की जणू त्यांना काहीच आठवत नव्हतं. मग एकदम म्हणाले, "माय माउलीला सांग, बरं शे." डबा त्यांनी घासूनपुसून परत दिला, आत कळवणचे चार पेरू.

त्यांचा राग एकदाच पाहिला. नांदगावजवळच्या एका गावातल्या स्पर्धेत नानांनी घोटा धरला, स्वप्नील वरून पडला, पंचांनी शिट्टी दिली. नानांनी पाय सोडला नाही. पंचांनी पुन्हा शिट्टी दिली. तो चढाईवाला ओरडायला लागला, लोक ओरडायला लागले, आणि नाना डोळे मिटून पायाला तसेच चिकटलेले. शेवटी स्वप्नीलनं त्यांच्या पाठीवर दोन थापा मारल्या तेव्हा सोडलं. पंचांनी ताकीद दिली. नाना उठले, काय झालं ते चारी बाजूंना बघितलं, आणि स्वतःहून पंचांच्या पाया पडले. नंतर म्हणाले, "तापलो होतो जरा." मी वहीत लिहिलं: संयम कमी झाला आहे. वयाचा परिणाम?

फोन ते उचलत नसत. "फोनवर माणूस खोटं बोलतो, समोर ये," म्हणायचे.

मे महिन्यात करारांचा विषय निघाला. देशपांडे साहेब कंपनीत माणसांच्या नेमणुका बघत. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीला कागद मागणारा. त्यांच्या केबिनमध्ये ते, सोनवणे सर आणि तक्ते घेऊन दाराजवळच्या खुर्चीत मी. नानांपाशी आल्यावर साहेबांनी चष्मा पुसला.

"एक जूनला एकोणचाळीस. सोनवणे, मन बाजूला ठेवून सांगा. सोडायचं, एका सीझनचं द्यायचं, की दोन वर्षांचं?"

"साहेब, कोपऱ्यात नाना आहेत म्हणून पोरं निवांत असतात."

"निवांतपणाचा तक्ता आहे का?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे निवांतपणाचा तक्ता नव्हता. जो होता तो मी वाचला. तीन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ आणि यंदाचे, एकेक चित्र पुढे सरकवत मी ताडून बघितले होते. पूर्वी चढाईवाल्यानं पाय वळवला की त्याच क्षणी नानांचा हात सुटायचा. आता अर्धा सेकंद उशीर होतो. स्वप्नील जायबंदी होता त्या दोन सामन्यांत तर नानांनी एकही पकड केली नाही.

"उशीर कशानं?" साहेबांनी विचारलं.

"वय, सर," मी म्हणालो.

इतकं सहज म्हणालो. आता वाटतं, त्या खुर्चीत बसून एवढं एकच उत्तर मला माहीत होतं.

"मग एका सीझनचं," साहेब म्हणाले. "त्याला तपासणी नाही, कटकट नाही. पुढच्या वर्षी पुढचं बघू."

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी नाना समोर येऊन उभे राहिले. "काय कॉलेज, माझं काय ठरतंय?"

सांगावं की नाही कळेना, पण त्यांच्यापुढे मला खोटं बोलता आलं नसतं. "एका सीझनचं म्हणतायत, नाना."

"बरं शे!" त्यांचा चेहरा फुलला. मला तो फुललेला चेहरा बघवेना. मला वाटलं, अपमान गिळतायत.

"नाना, तुम्हाला दोन वर्षांचं मिळायला हवं."

"अरे, एकाचंच बरं. एका सीझनला कोणी काय विचारत नाय." मग जरा थांबून म्हणाले, "तू काय लिहिलं माझ्याबद्दल?"

"अर्धा सेकंद उशीर."

"किती?" त्यांनी मान पुढे काढली.

"अर्धा सेकंद."

"दरवेळी?"

"दरवेळी तेवढाच."

टाकीपलीकडे स्वप्नील बाटल्या भरत होता. नानांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लय बारीक मोजतो रे तू," एवढंच म्हणाले.

दरवेळी तेवढाच. हे माझ्याच तोंडून निघालं होतं. थकलेला माणूस कधी थोडा उशीर करतो, कधी फार, कधी करतही नाही. उशीर दरवेळी सारखा असेल तर त्याचं कारण थकवा नसतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळायला हवं. मी सरासरी काढली होती. विचलन, म्हणजे आकडे किती मागेपुढे होतात ते, पाहिलं नव्हतं. परीक्षेत यावर प्रश्न आला असता तर मी पूर्ण गुण मिळवले असते.

मी त्या वेळी वेगळ्याच कामाला लागलो. माझ्या तक्त्यामुळे नानांची किंमत कमी झाली, तर माझ्याच तक्त्यानं ती वाढवायची. आठ दिवस मी सगळे सामने पुन्हा बघितले, आणि मला एक गोष्ट सापडली. समोरचे चढाईवाले नानांच्या बाजूला जातच नव्हते. मैदानाच्या डाव्या अंगाला पाय टाकून लगेच उजवीकडे वळायचे, आणि उजव्या कोपऱ्यातलं पोरगं त्यांना धरायचं. गुण त्या पोराच्या नावावर, पण हाकलून पाठवलं कुणी? मी नवा रकाना आखला.

पुढच्या बैठकीत साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "हा कशाचा?"

"भीतीचा, सर."

साहेब हसले. मग चष्मा लावून आकडे बघत राहिले, आणि हसणं थांबलं. सोनवणे सरांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला. दोन दिवसांनी मुख्य कार्यालयाची मंजुरी आली: दोन वर्षं खेळाडू म्हणून, त्यानंतर लहान गटाचा प्रशिक्षक म्हणून पुढे. मी त्या संध्याकाळी घरी सायकलवर गात गेलो. आईला म्हणालो, "मी एका माणसाची नोकरी वाचवली." तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

नानांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब खाली मान घालून कागद वाचत होते.

"बागूल, कंपनी तुमच्यावर खूश आहे."

"बरं शे."

"दोन वर्षांचा करार आहे."

"बरं शे."

"कुठल्या तारखेपासून सोयीचं पडेल?"

"बरं शे."

साहेब हसून म्हणाले, "तुम्ही पण ना, बागूल," आणि कागद त्यांच्या हातात दिला. नाना बोट ठेवून ओळ ओळ वाचत. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर बोट थांबलं, आणि तिथून हललंच नाही.

"हे कोणी मागितलं?" नाना एवढ्या मोठ्यानं म्हणाले की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

"ह्यानं," सोनवणे सरांनी कौतुकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आठ दिवस घासलंय पोरानं तुमच्यासाठी."

नानांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले, आपल्याच संघातल्या माणसानं आपल्याला धरलं आहे आणि हे कसं झालं ते कळत नाही, तसे.

"साहेब, मला एका सीझनचंच द्या. पयला कागद द्या."

साहेबांचा चेहरा उतरला. "बागूल, वरून मंजुरी आली आहे. आता ते खाली आणता येत नाही. सगळं तुमच्या भल्याचंच आहे. आठ दिवसांत सही करा, नाहीतर मला जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

या वेळी साहेब वर बघून बोलत होते. नानांनी त्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कागदाची नीट घडी घातली, टेबलावर ठेवली, आणि हात जोडले. "मंग नको, साहेब."

आम्ही तिघेही बसल्या जागी थिजलो. वीस वर्षं कबड्डीवर जगलेला माणूस, हातात आयतं दोन वर्षांचं काम, पुढची सोय, आणि नको? साहेबांना तो अपमान वाटला. सोनवणे सर बाहेर पडलेल्या नानांच्या मागे पळत गेले आणि तसेच परत आले. मी तो घडी घातलेला कागद उघडून बघितला. बोट कुठे थांबलं होतं ते मला आठवत होतं. तिथे लिहिलं होतं: करारापूर्वी कंपनीच्या डॉक्टरांकडून संपूर्ण तपासणी. डोळे, कान, हृदय, गुडघे.

गुडघे, मी मनात म्हटलं. बिचाऱ्यांचे गुडघे गेले असणार. सायकलच्या ट्यूबखाली काय काय झाकलं असेल. स्वप्नीलला विचारलं तर तो तोंड फिरवून म्हणाला, "मला काय माहीत, यार."

आठवा दिवस गेला. नाना आले नाहीत. नवव्या दिवशी कुणीतरी म्हणालं, ते सामान घेऊन गावाकडे निघालेत. मी सायकल मारत सीबीएसला, शहराच्या मुख्य एसटी स्टँडला, गेलो. कळवणची गाडी लागलेली होती. गाडीच्या दाराशी नाना पाठमोरे, खांद्यावर एक निळी बॅग, हातात पितळी डबा.

मी ओरडलो, "नाना!"

ते वळले नाहीत. मी आणखी जवळ गेलो, पंधरा-वीस पावलांवर. "नाना! अहो नाना, मी कॉलेज!" आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघायला लागले. एका बाईनं मुलाला जवळ ओढलं. मी तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा माझा आवाज फाटला. नाना शांतपणे पायरी चढून आत गेले.

एवढा राग, मला वाटलं. माझी हाकही नको.

मग ते खिडकीशी बसले. काच अर्धी उघडी होती. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली. मी तिथेच सायकल धरून उभा होतो. आता काय बोलणार होतो मी? तीनदा ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या माणसाला काय सांगायचं? मी तोंड घट्ट मिटून घेतलं. रडू येईल असं वाटत होतं. नाना माझ्याकडे बघत राहिले, कंडक्टरनं दार लावेपर्यंत, गाडी मागे सरकून वळेपर्यंत. त्यांना शेवटचं बघितलं ते असं.

जूनपासून दसऱ्यापर्यंत मी ती नजर घेऊन फिरलो. तक्त्यांचं काम सोडलं. सोनवणे सरांना परीक्षेचं कारण सांगितलं.

दसऱ्याच्या सकाळी मी आईबरोबर रस्त्याच्या कडेला झेंडूचा ढीग लावून बसलो होतो. स्वप्नील आला. संघाच्या गाडीला हार हवा होता. आई हार ओवायला लागली आणि तो माझ्याशेजारी गोणपाटावर बसला. बराच वेळ झेंडूच्या पाकळ्या तोडत राहिला.

"परवा नानांच्या गावाला गेलो होतो," तो म्हणाला. "आता सांगायला हरकत नाय म्हणाले. तुला सांग म्हणाले."

"गुडघे ना?" मी म्हणालो.

"कसले गुडघे? गुडघे तुझ्यामाझ्यापेक्षा चांगले हायेत त्यांचे. कान. कान गेलेत."

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, "कधी?"

"दोन सीझन झाले. कारखान्यात प्रेसच्या मशीनवर काम करायचे ना सकाळी, ते धाड धाड. आधी डावा गेला, मग उजवा. लसूण टाकून तेल तापवायचे अन् रोज कानात घालायचे, तेवढाच उपाय. डॉक्टरकडे गेलो तर कंपनीला कळंल म्हणायचे."

लसणाचा वास. शेवभाजी. शिट्टी. माझ्या ओठांवर खिळलेली ती नजर. मी हातातली फुलं ठेवून दिली. आई हार थांबवून माझ्याकडे बघायला लागली.

"पण पकडी?" मी म्हणालो. "अक्षर खाल्लं की धर, ते? ऐकू येत नव्हतं तर ते पकडी करत कसे होते?"

स्वप्नीलनं माझा हात हातात घेतला, साखळीत धरतात तसा, आणि एकदाच घट्ट दाबला.

"असं," तो म्हणाला. "दम मी ऐकायचो. अक्षर खाल्लं की मी हात दाबायचो. मी दाबला की नाना सुटायचे. दोन सीझन. तू तो अर्धा सेकंद मोजलास ना? तो माझ्या हाताचा होता."

समोर एक माणूस आईला भाव विचारत होता, आणि आईचा हात अर्ध्या हारावर थांबलेला होता.

"नानांना तुझा राग नाय," स्वप्नील म्हणाला. "उलट हसत होते. म्हणाले, एवढ्या लोकांत पोरानंच बरोबर मोजलं. कारण तेवढं चुकलं. एका सीझनचं मिळालं असतं तर तेवढ्यात मी तयार झालो असतो, मग ते आपोआप बाजूला होणार होते. तसं आमचं ठरलं होतं. कोणाला कळलंही नसतं."

"मी गेलो होतो सीबीएसला," मी म्हणालो. "तीनदा हाक मारली."

स्वप्नील माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा बदलला.

"मारली होतीस?"

"तीनदा. जोरात. ते आत चढत होते."

त्यानं खाली बघितलं. आई हार घेऊन उभी होती, तो घ्यायचंही त्याला भान नव्हतं.

"त्यांना एवढ्याचंच वाईट वाटतंय रे," तो म्हणाला. "मला म्हणाले, कॉलेज स्टँडवर आला होता. खिडकीतून दिसला. मी गाडी सुटेपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत होतो, काहीतरी बोलंल म्हणून. पण पोरगं एक अक्षर बोललं नाय."